बिरड्याचा सण

वाल परवाच भिजत घातले पेनिनानं,
काल फडक्यात बांधून खिडकीपाशी टांगले.
मोड यायला दोन रात्री लागतात,
एवढंच या उपासाबद्दल आम्हाला नेमकं माहीत.

बाकी सगळं ऐकीव.
मंदिर जळालं, पुन्हा बांधलं, पुन्हा जळालं,
तीच तिथी, आव महिन्याची नवमी.
त्यानंतर जे जे मोडलं
तेही लोक त्याच खुंटीला टांगत गेले.
आमच्यातल्या कुणी धूर पाहिला नव्हता.
आमचं गलबत म्हणे त्याआधीच फुटलेलं नवगावच्या खडकावर.
आम्ही तेलाचा घाणा फिरवत होतो,
शनवारी बैल सोडत होतो,
आणि ते शहर पडल्याची बातमी
कोकणात पोचायला कित्येक शतकं लागली.
आली तेव्हा परसात वाल होते.
तेच शिजवले.

आता बातमी आधी येते.
अश्कलोनला मिल्काच्या गल्लीत भोंगा वाजायच्या आत
माझ्या खिशात वाजतो,
इथे मार्केट यार्डात, पोत्यांच्या थप्पीशी.
अडत्या भाव पुकारत असतो
आणि मी हळदीच्या हातानं मोजत असतो
बहिणीच्या जिन्याच्या पायऱ्या.
बावीस. गुडघे दुखतात तिचे.
मग मेसेज येतो : उतरले.
किंवा : नाही उतरले, कंटाळा आला.
तिचा नातू इताय गणवेशात आहे कुठेतरी.
कुठे ते ती सांगत नाही,
आणि त्याच्या समोर कोण आहे
ते मी विचारत नाही.

विचारायला हवं होतं.

भिंतीपलीकडे हसीना शिकलगारच्या मोबाइलवर
रोज दुसरं शहर पडतं.
आवाज इकडे येतो. एक मुलगा
कुणाला तरी हाका मारत असतो ढिगाऱ्यापाशी.
भाषा कळत नाही, नाव कळतं.
माझ्या आजोबांचं तेच नाव होतं, जरा वेगळ्या उच्चाराचं.
तेव्हापासून हसीना आणि मी नळावर भेटलो
की पाणी किती वाजता येणार एवढंच बोलतो.

आज तर नियमच आहे :
कुणाला शालोम म्हणायचं नाही,
खुर्चीवर बसायचं नाही, पायात कातडं नाही.
सांगलीत आम्ही दोघं, दहा पुरुष आणायचे कुठून?
विलाप मी फरशीवर बसून एकटाच वाचतो.
फरशीवर बसलं की पाचच्या पुराची रेघ
बरोबर डोळ्यांसमोर येते,
एकोणीसची डोक्यावरून जाते.
रंग दिला तरी ओल वर येतेच.
एकोणीसला हा उपास शाळेतल्या छावणीत आला होता.
हसीनानं तेव्हा माझं प्रार्थनेचं पुस्तक
पिठाच्या डब्यात घालून होडीतून आणलं.
ओलं नव्हतं. पांढरं झालं होतं.
अजून पान उलटलं की पीठ सांडतं.
रेघ तिच्याकडेही आहे, तेवढ्याच उंचीवर.
भिंत एकच आहे.

या वर्षी उपाशी लेकरांच्या ओळीपाशी अडलो.
दरवर्षी ती आमची असते.
चष्मा पुसला, पुन्हा वाचली,
कुणाची ते ठरेना.

चार वाजता मागच्या दारात हसीना.
सलाम नाही, शालोम नाही.
“वाल सोलायचे राहिलेत ना?”
पेनिनानं परात पुढे सरकवली.
दोघी फरशीवरच बसल्या, मी तिसरा.
चिमटीत धरलं की साल सुटतं,
दाणा उघडा पडतो, बोटांना बुळबुळीत.
बाहेर पाऊस, आयर्विन पुलाखाली एकतीस फूट,
अजून भ्यायचं कारण नाही.
तळाशी एक गणंग निघाला,
दोन दिवस पाण्यात राहून जसाच्या तसा.
हसीनानं नखानं दाबून पाहिला,
टाकला नाही. परातीच्या काठाशी ठेवला.

तेवढ्यात खिशात वाजलं.
तिघांचेही हात थांबले.
मी मोजायला लागलो :
पाच, सहा, सात.
हसीनाचे ओठ हलत होते.
कुणासाठी, ते विचारलं नाही.